विहिरीवरची बाई

पंडिता रमाबाईंचं आत्मकथन वाचताना एका प्रसंगापाशी मी थांबलो. शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या रमाबाई लंडनच्या फुलहॅम भागात जातात. तिथे जोगिणी, ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा बायकांना जवळ करत होत्या. हे का करता, असं विचारल्यावर एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडेच पाणी मागणारे येशू. रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी घर काढलं, त्याचं नाव कृपासदन.

आम्ही येशूंना हजरत ईसा म्हणतो, पैगंबर मानतो. पण माणसांच्या पापांची शिक्षा त्यांनी स्वतःवर घेतली, हे आमच्या अकीद्यात बसत नाही. कुणाचं ओझं दुसरा उचलत नाही, असं आम्ही शिकलो. रहमत मात्र आमच्याकडेही विहिरीवरच भेटते. बुखारीत हदीस आहे : एका वेश्येनं तहानेल्या कुत्र्याला आपल्या पायताणानं विहिरीतलं पाणी काढून पाजलं, आणि अल्लाहनं तिला माफ केलं.

हे वाचून मला २०१३चा दुष्काळ आठवला. बीडला आमच्या गल्लीत टँकर यायचा. नवऱ्यानं टाकलेली एक बाई होती, तिच्याबद्दल लोक नाही नाही ते बोलायचे. एकदा तिची घागर कुणीतरी रांगेबाहेर काढून ठेवली. कुणीतरी कशाला, मीच. पोरं हसली. ती रिकामी घागर घेऊन निघून गेली. अम्मीला कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ख्रिस्ती मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "देवापाशी कबूल कर, कृपा मिळतेच. ती कमवावी लागत नाही." मला त्याचा हेवा वाटला. आमच्या मौलवीसाहेबांचं उत्तर वेगळं होतं. नमाज-रोजातली कसूर अल्लाह माफ करील, पण बंद्याचा हक्क मारला असेल तर आधी त्या बंद्याकडे जा.

तिच्या भावाला विचारलं. ती ऊसतोडीला कर्नाटकात गेली आहे, पाडव्याच्या सुमारास टोळी परतेल. नंबर दिला त्यानं. फोनमध्ये घालून ठेवलाय, अजून लावलेला नाही.