कॉर्कीला पाहिलं

सॅन दिएगोच्या सीवर्ल्डमध्ये ओर्का दिसण्याआधी ऐकू आला. घाट उतरून थांबलेल्या एसटीने ब्रेकची हवा सोडावी तसा दणदणीत फुत्कार झाला, मासळीचा वास घेऊन तुषार उंच उडाले आणि त्यांच्याखालून एक काळीभोर, तुकतुकीत पाठ वर आली. वर येतच राहिली. संपेचना! ओर्काची मादी सहा-सात मीटर लांब भरते, वजन तीन-चार टन, हे मी वाचून गेलो होतो. पण वाचलेले आकडे आणि हातभर अंतरावरच्या काचेपलीकडून सरकत जाणारं ते जिवंत अंग यांचा मेळच बसेना.

पुढच्या रांगांवर 'इथे बसाल तर भिजाल' असं बजावलेलं आहे आणि पोरं नेमकी तिकडेच धावतात. काठावरच्या प्रशिक्षकाने हात वर केला. पाणी क्षणभर रिकामं दिसलं. मग तळातून तो सबंध देह उसळून हवेत आला, पांढरंशुभ्र पोट उन्हात झळकलं आणि प्रचंड आवाज करत तो आडवा कोसळला. थंडगार, खारट पाण्याची भिंतच अंगावर आली. शेजारी एक आजोबा नातवाला छातीशी धरून लहान मुलासारखे हसत होते. मीही नखशिखांत भिजलो होतो. डोळ्यांचं पारणं फिटणं म्हणजे काय, ते त्या दुपारी कळलं.

तरी मनात रुतून बसला तो डोळा. ओर्काच्या डोक्यावरचा पांढरा पट्टा लोकांना डोळा वाटतो. खरा डोळा त्याच्या जरा पुढे, खालच्या बाजूला, काळ्या कातडीत लपलेला असतो. एक मादी काठावरच्या उथळ कट्ट्यावर सरकत आली आणि प्रशिक्षक मुलगी तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली. मुलगी काही बोलत नव्हती, नुसती बोटं हलवत होती, आणि तो एवढासा डोळा त्या बोटांवरून हलत नव्हता. पूर्वी प्रशिक्षक पाण्यात उतरून ओर्कांच्या पाठीवर उभे राहत. 2010 मध्ये ऑरलँडोच्या सीवर्ल्डमध्ये तिलिकम नावाच्या नराने डॉन ब्रँचो या अनुभवी प्रशिक्षिकेचा जीव घेतला, तेव्हापासून खेळात पाण्यात उतरणं बंद झालं. त्या मुलीचा आणि त्या मादीचा एकमेकींवरचा विश्वास मला खरा वाटला. विश्वासाला काठाची मर्यादा आहे, हेही दिसत होतं.

तलावामागच्या भल्यामोठ्या पडद्यावर मोकळ्या समुद्रातल्या ओर्कांची चित्रं चालली होती. 2017 पासून इथला खेळ असा माहितीपटाच्या अंगाने होतो. ओर्का कुटुंब करून राहतात, हे निवेदनात ऐकलं आणि माझ्या मागे बसलेल्या, वार्षिक पास काढून वरचेवर येणाऱ्या एका बाईंनी बोट दाखवलं, "ती बघा, ती कॉर्की."

कॉर्कीची हकिगत मला ठाऊक होती. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर, पेंडर हार्बरमध्ये, 1969 च्या डिसेंबरात जाळी लावून तिला धरलं, तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. आधी लॉस एंजेलिसजवळच्या एका उद्यानात आणि 1987 पासून इथे. जगात इतका दीर्घ काळ बंदिवासात काढलेला दुसरा ओर्का नाही. तिच्या जातकुळीचे ओर्का फक्त मासे खातात, त्यातही रावसासारखा सॅमन त्यांचा जीव की प्राण. मुलगा असो की मुलगी, जन्मभर आईच्या सोबत पोहतात. उन्हाळ्यात ही कुटुंबं जॉन्स्टन सामुद्रधुनीत येतात आणि रॉब्सन बाइटच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर अंग घासून घेतात. कॉर्कीची आई तिथेच पोहत राहिली आणि तिथेच संपली. इकडे कॉर्की सात वेळा गाभण राहिली. एकही पिल्लू दोन महिने जगलं नाही.

हे आठवलं आणि पुढचा खेळ मला नीट पाहवला नाही. तलाव स्वच्छ होता, निगराणी उत्तम होती, प्रशिक्षकांचा जीव त्या जनावरांत होता. पण एका नजरेत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसणारं पाणी, आणि त्यात दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज तोडू शकणारा प्राणी! नराच्या पाठीवरचा पर मोकळ्या समुद्रात माणसाच्या उंचीइतका ताठ उभा असतो. इथे तो एका बाजूला पार लवंडला होता.

"सोडून द्या तिला" म्हणणं सोपं आहे. सिनेमात गाजलेला केको नावाचा ओर्का 1998 मध्ये आइसलँडच्या समुद्रात परत नेला, 2002 मध्ये मोकळा झाला, आणि पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या किनाऱ्यावर मरण पावला. म्हणून कॉर्कीसाठी तिच्याच मुलखात जाळीने बंदिस्त केलेल्या खाडीची मागणी होते. मला ती रास्त वाटते. निदान लाटा आणि ओळखीचं पाणी तरी मिळेल. सीवर्ल्डने 2016 मध्ये ओर्कांची पैदास थांबवली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला. म्हणजे इथले ओर्का शेवटचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ला होयाच्या खडकांवर गेलो. तिथे समुद्रसिंहांचा कळप पसरलेला असतो, भुंकतो, भांडतो, उग्र वास मारतो. तिकीट नाही, शिट्टी नाही. वाटेल तेव्हा पाण्यात जातात, वाटेल तेव्हा येतात. माणसं काळोख पडेपर्यंत कठड्याला टेकून उभी होती आणि कुणालाही घरी जायची घाई दिसली नाही.

आपल्याकडेही मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला 'सी वर्ल्ड' उभारायचा सरकारी बेत होता. गावकऱ्यांनी जमिनीसाठी तो अडवून धरला. 2013 मध्ये केंद्र सरकारने देशात डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या तलावांना परवानगी नाकारली, हा फार चांगला निर्णय झाला. तारकर्ली-देवबागच्या समुद्रात डॉल्फिन आजही मोकळे फिरतात. बघायला जरूर जा. फक्त होडीवाल्याला सांगा, दादा, त्यांच्या मागे लागू नका, लांबच इंजिन बंद करा. दिसले तर दिसले. नाही दिसले तर पुन्हा जा.