दहा तरी म्हणा

नोकरदाराचा पगार एक तारखेला होतो, फोटोग्राफरचा तिथीला. कर्जाचा अर्ज भरून घेणाऱ्या माणसाला हे पटवणं फार कठीण. ‘मासिक उत्पन्न’ या रकान्यात मी काय लिहायचं? वैशाखात खरं असलेला आकडा श्रावणात खोटा ठरतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा धंदा उघडतो, पौषात मंदावतो, माघ-फाल्गुनात पुन्हा उठतो. वैशाख-ज्येष्ठात जेवायला सवड नसते आणि आषाढी एकादशीला शटर निम्म्यावर येतं. पुढचे चार महिने बारशी, डोहाळजेवणं, शाळांची ओळखपत्रं आणि गणपती मंडळांचे फोटो. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. त्याला चातुर्मास नाही.

माझा स्टुडिओ सांगलीत, हरभट रोडच्या मागच्या अंगाला. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा चढायला लागली तेव्हा सगळं सामान त्या खुणेच्या वर, माळ्यावर चढवलं आणि आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेलो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. परत येऊन शटर उचललं तर माळ्यावरच्या संगणकातून गाळ निघाला. हार्डडिस्कचं कपाट उताणं पडलेलं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक पोत्यात घालून भिजलेले अल्बम आणत होते. पानं एकमेकांना चिकटलेली, नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर तपकिरी डाग. “तुमच्याकडं कॉपी असंल की.” नव्हती. ज्यांची लग्नं मीच लावून दिल्यासारखी आठवत होती, त्यांना नाही म्हणणं हे त्या पुरातलं सगळ्यात वाईट काम होतं.

धंदा पुन्हा उभा करायला दोन कॅमेरे, लेन्स आणि संगणक फायनान्सवर घेतले, २,३०,००० रुपये. प्रिंटर, फर्निचर, रंग हे क्रेडिट कार्डावर गेलं आणि १,१०,००० वर जाऊन थांबलं. आईच्या पाटल्या आणि बायकोचं गंठण बँकेत ठेवून १,४०,००० उचलले. मेहुण्यानं न मागता ६०,००० आणून हातात ठेवले. बेरीज ५,४०,०००. एक चांगला हंगाम मिळाला असता तर यातलं निम्मं फिटलं असतं, असा माझा हिशेब होता आणि तो चुकीचाही नव्हता. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वैशाखाच्या ऑर्डरी दिलेले लोक बयाणा परत मागायला आले.

रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवायची मुभा दिली, आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. त्या सहा महिन्यांतला चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकारनं नंतर दिवाळीच्या तोंडावर परत केला. माझ्या वाट्याला सहाशेच्या आसपास रुपये आले. त्यातून आकाशकंदील आणि फराळाचं तेल आलं. नको कशाला म्हणा. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर राज्य सरकारचा हुकूम निघाला : लग्न दोन तासांत उरकायचं, माणसं पंचवीस, मोडल्यास ५०,००० दंड. त्या पंचविसांत फोटोग्राफर धरायचा की नाही यावर कार्यालयाच्या दारात वाद झालेले मी ऐकलेत. एका ठिकाणी नवऱ्याच्या मामांना बाहेर मोटारीत बसवून मला आत घेतलं. मामा नंतर माझ्याशी बोलले नाहीत. अल्बममध्ये त्यांचा एकही फोटो नाही, हेही खरं.

मावशी आमच्या गल्लीत यायच्या त्या शेजारच्या फूलवाल्याकडं. पन्नाशी ओलांडलेली बाई, जुनी स्कूटी, खांद्याला पर्स, हातात पावती काढायचं छोटं यंत्र. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट. रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून दहा, पन्नास, शंभर गोळा करायचे आणि त्यावर शेकडेवारीनं मिळेल ते कमिशन आपलं. ही रीत जुनी आहे. १९२८ मध्ये उडुपीच्या ज्या बँकेला पुढं सिंडिकेट बँक हे नाव मिळालं, तिनं दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, त्याची ही पिलावळ. ज्याला पगाराची तारीख नाही त्याच्याकडं रोज गेलं पाहिजे, एवढं त्या लोकांना कळलं होतं.

“दादा, तुमचं खातं काढू?” त्यांनी दिवाळीनंतर विचारलं.

“मावशी, मलाच लोकांचं देणं आहे. साठवू कशातनं?”

“देणं आहे म्हणूनच म्हणते की.”

त्यांनी कार्डाचं बिल मागितलं. मी दाखवलं, कशाला दाखवलं कोण जाणे. बायकोलाही ते सगळं दाखवलेलं नव्हतं. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मावशींनी हिशेब मांडला. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,८५०. त्यावर जीएसटी वेगळा. मी दर महिन्याला कमीत कमी रक्कम म्हणून ५,५०० भरत होतो. त्यातले मुद्दलात जात होते हजाराच्या आत. “म्हणजे तुम्ही कर्ज फेडत नाही दादा, कर्ज सांभाळताय,” त्या म्हणाल्या.

दोन-तीन महिने पिग्मी भरल्यावर त्यांनीच मला पतसंस्थेच्या मॅनेजरसमोर नेऊन बसवलं. दसादशे पंधरा टक्क्यांनी १,१०,०००, कार्डाचं तोंड एकदम बंद करायला. जामीन फूलवाला आणि मंडपवाला. मॅनेजर कां-कूं करत होते. याआधी एका बँकेनं सिबिल बघून मला वाटेला लावलं होतं. पुरानंतर आणि टाळेबंदीनंतर दोनदा हप्ता परत गेला होता. बँकेचा दंड वेगळा, फायनान्सवाल्यांचा वेगळा. मावशी म्हणाल्या, “ह्यांचं दुकान रोज उघडतं. काम असो नसो, नऊला शटर वर. मी बघते ना.” बँकेनं माझा सिबिल बघितला, मावशींनी माझं शटर बघितलं.

आता रोज संध्याकाळी त्या माझ्या दारातही थांबू लागल्या. व्याज शिलकीवर बसायचं, म्हणून आज भरलेले दोनशे आजपासूनच व्याज कमी करायचे. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विम्याचं छत्र नसतं, हे मला ठाऊक होतं. पतसंस्था बुडल्यावर रांगेत उभी राहिलेली माणसं आमच्या भागानं पाहिलेली आहेत. तेव्हा तिथं पैसा साठवण्यापेक्षा तिथलं देणं उतरवणं मला बरं वाटलं. मावशींनाही त्याचा राग आला नाही.

पहिल्या आषाढात एके दिवशी मी म्हणालो, “आज काही नाही मावशी.”

“काही नाही म्हणू नका. दहा तरी म्हणा.”

दहा रुपयांवर त्यांना काय मिळणार होतं? स्कूटीचं पेट्रोलही सुटलं नसतं. मी तसं बोलून दाखवलं. त्या पावती फाडत म्हणाल्या, “माझ्यासाठी नव्हे. नाही म्हणायची सवय लागते हो माणसाला. एकदा लागली की मी गल्लीच्या तोंडाला दिसले तरी माणूस आतल्या खोलीत जातो.” त्या दिवशी दहा दिले. नंतर कितीतरी दिवस दहाच दिले.

त्यांच्या गिऱ्हाइकांत फूलवाले, मंडपवाले, बँडवाले, आचारी, बांगड्यांचं दुकान, पत्रिका छापणारे असे सगळे. म्हणजे लग्नसराई हीच त्यांचीही लग्नसराई. पंचांग त्यांना माझ्याइतकंच पाठ. दाट तिथी गेली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वाट न बघता सकाळी दहालाच हजर. “काल दोन तारखा होत्या ना तुमच्या? सांगलीवाडीची एक आणि माधवनगरची.” लग्नातून मिळालेलं पाकीट अजून माझ्या बॅगेत असायचं. आधी पोरांची हजेरी, मग लॅबचे, मग मावशींचे दोन-तीन हजार, आणि उरलेलं घरी. हा क्रम त्यांनी लावून दिला. तोपर्यंत सगळं आधी घरी जायचं, आणि घराला गरज नसते असा दिवस कधी उगवत नाही.

आमच्या धंद्यातला खरा खड्डा म्हणजे अल्बमचे पैसे. ऑर्डरच्या रकमेचा तिसरा हिस्सा अल्बम नेताना मिळायचा असा रिवाज. आणि अल्बम तयार कधी होणार? जोडप्यानं फोटो निवडून दिल्यावर. लग्नाआधी दिवसाला दहा फोन करणारी मंडळी लग्नानंतर वर्षभर फोटो निवडत नाहीत. नवरा पुण्याला, नवरी म्हणते सासूबाई निवडतील, सासूबाई म्हणतात पोरांना विचारा. मधल्या काळात बाळाच्या बारशाची ऑर्डर येते, तरी लग्नाचा अल्बम बाकीच. मावशींनी एकदा माझी थकबाकीची वही चाळली आणि उत्साहानं म्हणाल्या, “ह्या गल्लीत माझी पाच खाती आहेत. सांगू का जाता जाता?” मी हात जोडले. पण त्यानंतर नियम केला : अक्षता पडायच्या आधी ऐंशी टक्के हातात. दोन-चार ऑर्डरी गेल्या. ज्या राहिल्या त्यांचे पैसे आले.

आधी कुणाचं फेडायचं यावरून घरात खटका उडाला. माझं म्हणणं, ज्याचं व्याज जास्त त्याचं आधी. मेहुण्याचे पैसे बिनव्याजी, ते शेवटी. बायको म्हणाली, “बिनव्याजी कसे? दिवाळीला माहेरी गेले की वहिनी नवीन फ्रिज घ्यायचा राहिलाय म्हणते, ते व्याज कोण भरतं? मीच ना?” गणित माझ्या बाजूनं होतं. तरी २०२२ च्या हंगामात, लांबणीवर पडलेल्या लग्नांचा एकदम पूर आला तेव्हा, पहिले साठ हजार मेहुण्याला गेले. मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो. फायनान्स कंपनीला वहिनी नसते.

सोन्याची गोष्ट निराळी. दरवर्षी व्याज भरायचं आणि तारण नव्यानं लिहून घ्यायचं, पाटल्या जागच्या जागी. सोन्याचा भाव चढत चालला तशी बँकेतून विचारणा होऊ लागली : तुमच्या दागिन्यांची किंमत वाढलीय, आणखी रक्कम मिळेल, घेता का? त्याच सुमारास बाजारात चांगला ड्रोन आला होता. ड्रोन नसल्यामुळं माझ्या दोन मोठ्या ऑर्डरी मिरजेच्या माणसाकडं गेल्या होत्या. मावशींना हे सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी पावती काढली आणि विचारलं, “सोनं वाढलं, ते तुमचं वाढलं का बँकेचं?” ड्रोन अजूनही मी भाड्यानंच आणतो.

फायनान्सचा शेवटचा हप्ता २०२३ च्या सुरुवातीला गेला, पतसंस्थेचं कर्ज त्याच वर्षी उन्हाळ्यात मिटलं आणि पुढच्या संक्रांतीला आईच्या हातात पाटल्या परत आल्या. आईनं त्या हातात घातल्या नाहीत, डब्यात ठेवल्या. हात बारीक झालेत म्हणाली. मधे २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा शहरात आली होती, पण तेव्हा स्टुडिओ आधीच रिकामा करून ठेवला होता. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता, ऐन हंगामात मुहूर्तांचा दुष्काळ. तो दोन वर्षं आधी आला असता तर काय झालं असतं, हा विचार मी अर्ध्यावर सोडून देतो.

त्या दुष्काळातच मावशी एकदा यंत्र पर्सबाहेर न काढता बाकावर बसल्या. धाकट्या मुलीला मिरजेत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, तीन वर्षांचा अभ्यासक्रम. दीड लाख लागणार होते. स्वतःच्याच पतसंस्थेत अर्ज केला, पण कमिशनवरच्या माणसाला पगारपत्रक कुठलं? जामीनदार दोन हवेत, त्यातला एक पगारदार असला तर बरं, असं सांगितलं होतं. इतकी वर्षं ही बाई लाखो रुपये त्या संस्थेत नेऊन भरत होती. मुहूर्त नसले की माझ्यासारखंच त्यांचंही दुकान थंड पडतं, हे मला माहीत होतं. पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. टाळेबंदीत तर गोळा करायला बाहेर पडताच येत नव्हतं, तेव्हा त्यांनी घरी शेवया केल्या आणि ओळखीपाळखीत विकल्या. हेसुद्धा मला फूलवाल्यानं सांगितलं.

रात्री बायकोला म्हणालो, मावशींना जामीन राहतोय. ती भाकरी थापत होती. “सुटून वर्ष नाही झालं.” मी गप्प बसलो. भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून ती म्हणाली, “राहा. गंठण पुन्हा जायचं नाही एवढं बघा.”

मॅनेजर आता दुसरे होते, तरुण. जामीनदार म्हणून फोटोग्राफर बघून त्यांनी पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे विचारला : उत्पन्नाचा काही पुरावा? आयकर विवरणपत्र मी नेलं होतंच. त्याबरोबर माझ्या कर्जखात्याचा उतारा त्यांनी स्वतःच छापून काढला. चांगला जाड गठ्ठा झाला. एका ओळीला एक दिवस, रविवार आणि सणवार सोडून जवळजवळ एकही दिवस कोरा नाही. ते ओळींवरून पेन फिरवत राहिले. दहा, दहा, वीस, दहा, दहा.

“हे इतके दहा-दहाच का हो?”

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढं वाकल्या. “आषाढातलं पान आहे ते, साहेब. वैशाख पुढं आहे. उलटा की.”