वाटाड्याची निवृत्ती

मी दोनदा सेवानिवृत्त झालो. दुसऱ्या वेळी कचेरीनं शाल-श्रीफळ तरी दिलं. पहिल्या वेळी, २००६ साली, चिरंजीवांनी तेही दिलं नाही.

भानगड अशी. २००२ साली निघालेला ‘मॉरोविंड’ नावाचा संगणकावरचा खेळ आमच्या घरात शिरला. एक कैदी बोटीतून एका अद्भुत बेटावर उतरतो, सुटतो आणि पुढे वाटेल तिकडे भटकतो, असा एकूण मामला. पण तिथली माणसं बहुतेक सगळं लेखी बोलत, तेही इंग्रजीत. चिरंजीव दहा वर्षांचे. तेव्हा शब्दकोश घेऊन शेजारी बसायची नोकरी मला लागली.

पत्ता सांगायची तिथली रीत थेट आपली. गावाबाहेर पडा, किल्ल्यापाशी जा, जुना पूल ओलांडा! हात डावा की उजवा, हे आपण ठेचा खाऊन ठरवायचं. वाहन म्हणजे उंच पायांचा एक अगडबंब किडा. भाडं घेऊन तो ठरावीक गावांना सोडी, आपल्या एस.टी.सारखा, पुढे पायपीट. आर्कन्गथांड नावाच्या पडक्या वास्तूतून एक चौकोनी पेटी आणायला आम्ही बापलेक तीन रविवार हिंडलो. वास्तू सापडली तर दार उघडेना. ते उघडायचा दांडा बाहेरच होता! पेटी हाती लागली तेव्हा आमची आरोळी ऐकून सौ. कणकेच्या हातानं धावत आली. सगळ्या वाटा मी एका वहीत काढून ठेवल्या.

मग २००६ साली पुढचा भाग आला, ‘ऑब्लिव्हियन’. काय ती झाडं, काय ते गवत! खोटं कशाला बोलू, खेळ देखणा होता. जुन्यात तलवार शत्रूच्या अंगातून आरपार जाताना दिसे आणि तरी हुकलेली असे. नव्यात लागली की लागली. माणसंही तोंडानं बोलू लागली होती. मी सवयीनं खुर्ची ओढली, शब्दकोश मांडीवर घेतला आणि विचारलं, “कुठं जायचंय?”

“बाबा, बाण आहे ना!”

खाली होकायंत्र होतं आणि जायचं ठिकाण त्यावर दाखवलेलं. नकाशावर गाव निवडलं की क्षणात मुक्कामाला! तासाभरात चिरंजीवांनी तीन कामगिऱ्या उरकल्या. कुठं कुठं जाऊन आलास, विचारलं, तर एका गावाचं नाव सांगता येईना. मी शब्दकोश कपाटात ठेवला.

चिरंजीव आता नोकरीनिमित्त बंगळुरात असतात. गेल्या महिन्यात रात्री अकराला फोन वाजला. काळजात धस्स झालं.

“बाबा, तो जुना खेळ परत लावलाय. किल्ल्यानंतर पूल कुठल्या हाताला हो?”

मला ती वाट तोंडपाठ आहे. तरी मी म्हटलं, “वही माळ्यावर आहे, शोधायला वेळ लागेल. पण फोन ठेवू नकोस.”