मडगार्ड
जुलैत आठवीतला एक मुलगा पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन वर्गात आला. आम्ही त्याला दाराबाहेर उभे केले. रविवारी भाच्याची तसलीच गिअरवाली सायकल घेऊन कल्याणच्या दुर्गाडीकडे एक चक्कर मारली. घरी आलो तेव्हा आमचा कुर्ता बघून अम्मी हसतच राहिल्या.

या सायकलींना बहुधा मडगार्डच नसते! अब्बांच्या काळ्या सायकलीचे लोखंडी मडगार्ड लावून पाहिले, बसेना. टायर दोन इंच रुंद. मडगार्ड त्याहून रुंद हवे, शिवाय मध्ये बोटभर फट, नाहीतर चिखल अडकून चाक जाम. शेवटी मिस्त्रीकडून प्लास्टिकची दोन लांब मडगार्ड घेतली. सोमवारी एक त्या मुलाला दिले. तो न बोलता दप्तरात कोंबू लागला, मावेना.