झाड नाही, तर झुला कुठे?

बालमित्रांनो, रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी करत दक्षिणेकडे निघालात, की राजापूर तालुक्यात कशेळी नावाचं गाव लागतं. कनकादित्याचं, म्हणजे सूर्यदेवाचं, जुनं देऊळ या गावात आहे. खाली वाडीत आंबे, फणस, नारळ, पोफळी यांची अशी दाटी, की भर दुपारीसुद्धा अंगणात गारवा असतो. पण जरा चढण चढून वर सड्यावर या. एकदम सगळं थांबतं! ना झाड, ना सावली. नजर जाईल तिथवर काळपट-तांबडा कातळ, मधूनमधून पिवळं वाळलेलं गवत आणि वर मोकळं आभाळ.

देशावरच्या मुलांना वाटेल, सडा म्हणजे अंगणात घालतात तो. नाही बरं का! कोकणात डोंगराच्या सपाट, खडकाळ माथ्याला सडा म्हणतात. हा खडक जांभा. खाणीत तो तासून चिरे काढतात आणि त्याच चिऱ्यांची घरं बांधतात. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्यानं केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ असं नाव दिलं.

तुम्ही विचाराल, कोकणात एवढा पाऊस, मग सड्यावर झाडं का नाहीत? रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो हे खरं. पण सड्यावर मातीचा थर असतो जेमतेम बोट-दोन बोटं. मोठ्या झाडाची मुळं जाणार कुठे? पावसाळ्यात इथे डबकी साचतात, इवली इवली फुलं येतात, किडे खाणाऱ्या दवबिंदूसारख्या वनस्पतीही उगवतात. दिवाळी सरली, की सगळं वाळून कोरडं होतं. मोठं झाड दिसलंच, तर ते एखाद्या खोल भेगेत, जिथे माती साठली आहे तिथे.

या सड्यांवर आणखी एक ठेवा आहे. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कातळ कोरून काढलेली चित्रं! त्यांना कातळशिल्पं म्हणतात. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत कितीतरी छोटे-मोठे प्राणी आहेत. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी अशा कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ही चित्रं भिंतीवर नाहीत, पायाखालच्या जमिनीवर आहेत. म्हणून सड्यावर चालताना खाली बघून चालायचं, हा पहिला नियम.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी जुनी मुलं आता हायस्कुलात गेली आहेत. त्यांतली पाच जणं आणि तिघांचे पालक असे आम्ही मागच्या जानेवारीत कातळशिल्पं पाहायला निघालो. दिवसभर चित्रं पाहिली. रात्री चांदण्या बघायला एका सड्याच्या कडेला मुक्काम करायचा होता. गावकऱ्यांची परवानगी घेतली आणि चित्रांपासून चांगलं दूर, वाडीपासून हाकेच्या अंतरावर जागा निवडली. एकाच्या मामानं पुण्याहून तीन झुले आणले होते. हल्ली बाजारात मिळतात तसे, पॅराशूटसारख्या पातळ नायलॉनचे. घडी केली तर नारळाएवढी पुरचुंडी! मच्छरदाणी त्यालाच शिवलेली, आत-बाहेर करायला चेन. दोन झाडांना दोन टोकं बांधायची की झाला पलंग तयार.

झुल्याची गंमत तशी जुनीच. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर पोचला, तेव्हा तिथले लोक असेच विणलेल्या झुल्यांत झोपत होते. आणि आपल्याकडे? ऊसतोडीला जाणारी आई बाळाची झोळी झाडाला बांधते. झाड नसलं तर बैलगाडीखाली बांधते, नाहीतर तीन बांबूंचं तिकाटणं उभं करते. बाळ चार-पाच किलोचं, म्हणून ते जमतं. पण आठवी-नववीतल्या मुलाचं काय?

“बाई, इथे तर झाडच नाही!” एक जण म्हणाला.

“त्या गडग्याला बांधू या की,” दुसरी म्हणाली.

गडगा म्हणजे दगडांवर दगड रचून केलेलं कुंपण. ना चुना, ना सिमेंट. दिसायला भक्कम, पण इथे थोडं गणित करावं लागतं. झुल्याची दोरी आडव्या रेषेपासून तीस अंशांनी उतरती बांधली, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर झोपणाऱ्याच्या वजनाएवढा ताण येतो. मूल चाळीस किलोचं असेल, तर डावीकडे चाळीस आणि उजवीकडेही चाळीस! दोरी आणखी ताठ बांधली, तर ताण आणखी वाढतो. आणि ही ओढ बरीचशी आडवी असते. रचलेले दगड वरून आलेला भार पेलतात, आडवी ओढ पेलत नाहीत. मूल झुल्यात आणि दगड मुलाच्या अंगावर, असं व्हायला एक क्षण पुरे. हेच किल्ल्यावरच्या जुन्या तटाला, दरवाजाच्या कमानीला आणि देवळासमोरच्या दीपमाळेलाही लागू. तीनशे वर्षं उभी आहे म्हणून ती आपलं ओझं घेईल असं नाही. शिवाय तो आपल्या सगळ्यांचा ठेवा. त्याला दोर बांधायचाच नाही.

मग झुले पिशवीतच ठेवायचे? मुळीच नाही. झुला जमिनीवर अंथरायचा! पण अंथरण्याआधी एक विचार करू या. झुला हवेत असतो, तेव्हा तो आपल्याला तीन गोष्टी फुकट देतो. जमिनीचा गारठा लागत नाही, ओल लागत नाही आणि सरपटणारे जीव अंगावर येत नाहीत. झुला खाली आला, की या तिन्ही गोष्टी जातात. त्या आपल्याला परत कमवाव्या लागतात. कशा, ते एकेक करून बघा.

आधी गारठा. दुपारी सड्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, चटका बसतो. पण उघड्या आभाळाखाली हाच कातळ रात्री भराभर निवतो. आपलं अंग ऊबदार, कातळ गार. ऊब आपल्याकडून कातळाकडे वाहत राहते. अंगावर कितीही पांघरलं, तरी खालून थंडी वाजते ती यामुळेच. पांघरूण आपल्याला ऊब देत नाही, ते फक्त धाग्यांत अडकलेली हवा धरून ठेवतं. आपल्या वजनाखाली ते दबलं, की हवा निघून जाते आणि त्याचा उपयोग संपतो. म्हणून दोन गोधड्या असतील, तर एक खाली आणि एक वर. खालची जाड हवी. फोमची चटई मिळाली तर फारच छान. वाडीतून भाताचा पेंढा मिळाला, तर तो उजेडात नीट झाडून पसरा.

मग ओल. पहाटे सड्यावर दव पडतं. म्हणून सगळ्यात खाली ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक, त्यावर गोधडी, त्यावर झुला आणि झुल्यात आपण. डोक्यावर दुसरी ताडपत्री उतरत्या छपरासारखी. एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे खालच्या ताडपत्रीची कड वरच्या छपराच्या बाहेर येऊ देऊ नका. नाहीतर छपरावरून ओघळलेलं पाणी थेट अंथरुणात! छपराची दोन्ही टोकं मोकळी ठेवा. ती बंद केलीत, तर आपल्याच श्वासाची वाफ आतून थेंब थेंब गळते.

आता हे छप्पर आणि मच्छरदाणी उभी राहणार कशावर? स्काउटमध्ये असतात तशा दोन लाठ्या आम्ही नेल्या होत्या. एक डोक्याकडे, एक पायांकडे. दोन्हींच्या टोकांना एक दोरी ताणून बांधली. त्या दोरीवर छप्पर टाकलं आणि तिलाच मच्छरदाणी टांगली, म्हणजे जाळी तोंडावर पडत नाही. लाठीवर फक्त कापडाचं वजन, आपलं नाही, हे लक्षात असू द्या. प्रत्येक लाठीला बाहेरच्या बाजूनं दोन दोऱ्या, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या फाकवून. या दोऱ्या बांधायला खुंट्या ठोकाव्या, तर कातळात खुंटी शिरत नाही. आणि शिरत असती तरी ठोकायची नाही, कारण जिथे ठोकाल तिथे मातीखाली झाकलेलं चित्र असू शकतं. म्हणून दोऱ्या मोठ्या दगडांना बांधायच्या.

आणि इथेच तिसरी गोष्ट आडवी येते! ज्या दगडाला आपण दोरी बांधणार, तो कुणाचं तरी घर असतो. रत्नागिरीच्या सड्यांवर फुरसं हा छोटा पण जहाल विषारी साप बराच आढळतो. दिवसा तो दगडाखाली बसतो आणि अंधार पडला की बाहेर निघतो. लाल विंचूही तिथलाच रहिवासी. म्हणून दगड उचलायचे ते उजेड असताना, मोठ्या माणसांनी आणि पायांत बूट घालून. उचलण्याआधी काठीनं हलवायचे. दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचलायची. खाली कोणी असलंच, तर ते पलीकडे पळतं आणि आपल्यामध्ये दगडाची ढाल राहते. अंथरूण गडग्यापासून आणि दगडांच्या ढिगापासून लांब, उघड्या सपाट जागी घालायचं.

झुल्याला शिवलेल्या मच्छरदाणीचं मोल इथे कळतं. आत शिरलं, चेन पूर्ण ओढली, की चारही बाजू बंद. वेगळी मच्छरदाणी असेल, तर तिची कड अंथरुणाखाली सगळीकडून खोचायची. हे फक्त सहलीपुरतं नाही हो! मण्यार हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश इतका हलका, की कधीकधी कळतही नाही. तुमच्या घरी कोणी जमिनीवर झोपत असेल, काका शेतावर राखणीला जात असतील, तर त्यांना खोचलेल्या मच्छरदाणीची गोष्ट आवर्जून सांगा. जाळी डासांसाठी असते, पण सापालाही ती अडवते.

आणि एवढी काळजी घेऊनही दंश झालाच तर? चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. ज्याला चावलं त्याला चालवू नका, हातपाय हलवू देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. सर्पदंशावरची लस तिथेच मिळते. विंचवाच्या बाबतीत तर आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी मोठंच काम केलं आहे. लाल विंचवाच्या विषानं हृदयावर परिणाम होऊन माणसं दगावत. त्यावर ‘प्राझोसिन’ हे औषध उपयोगी पडतं, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध कितीही चांगलं असलं, तरी ते वेळेत मिळायला हवं. म्हणूनच आम्ही वाडीपासून हाकेच्या अंतरावर राहिलो आणि मोबाइलला रेंज येते का, हे आधीच पाहून ठेवलं.

जेवण वाडीत झालं. सड्यावर शेकोटी पेटवली नाही. वाळलेलं गवत वाऱ्यानं क्षणात पेट घेतं आणि आचेनं कातळही तडकतो. बूट आम्ही पिशवीत घालून तोंड बांधून ठेवले. रात्री उठायचं झालं तर आधी बॅटरी, मग बूट, मग पाऊल, असा क्रम मुलांकडून पाठ करून घेतला. मग सगळे आपापल्या झुल्यात शिरलो. जाळीतून मृग नक्षत्र स्पष्ट दिसत होतं. लांबून समुद्राची गाज ऐकू येत होती. पाचांपैकी चौघं दहा मिनिटांत झोपली. पाचवा मात्र बराच वेळ चांदण्या मोजत होता.

पहाटे छपरावर दवाचे थेंब टपोरे जमले होते. अंथरूण कोरडं होतं. सामान आवरल्यावर एक काम उरलं. दोऱ्या बांधलेले आठही दगड जिथून उचलले, तिथेच आणि तसेच परत ठेवायचे. दगडाखाली पाली असतात, गांडुळासारखं दिसणारं पण बेडकाच्या नात्यातलं देवगांडूळ असतं. त्यांना सड्यावर सावली मिळते ती एवढीच. मुलांनी आदल्या दिवशी प्रत्येक दगडाच्या जागी खडूनं आकडा लिहून ठेवला होता. दगड जागेवर गेले आणि ओल्या फडक्यानं आकडे पुसले.

मित्रांनो, लगेच सड्यावर जायची गरज नाही. आधी गच्चीवर किंवा अंगणात, आई-बाबांना सोबत घेऊन एक प्रयोग करा. थंडीच्या दिवसांत दोघं भावंडं शेजारी शेजारी झोपा. दोघांना दोन-दोन सारख्या गोधड्या. एकानं दोन्ही अंगावर घ्यायच्या, दुसऱ्यानं एक खाली आणि एक वर. झुला नसला तर आईचं जुनं नऊवारी लुगडंही चालेल, पण मच्छरदाणी मात्र चारही बाजूंनी खोचायची. सकाळी दोघांनी खरं खरं सांगायचं, कुणाला जास्त थंडी वाजली ते! आणि वहीत तारखेसह लिहून ठेवायचं. काय, करणार ना?