मागे दिसतंय ते

या कोजागिरीला आमच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीला फोटो टांगले होते. लाल-निळ्या प्लास्टिकच्या चिमट्यांनी, चार-चार बोटं अंतर सोडून. सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे, उन्हाळ्यापर्यंत घरं रिकामी करून द्यायची. ही इथली शेवटची कोजागिरी, तेव्हा प्रत्येकाने घरातले जुने फोटो आणावेत असं ठरलं. ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी आणलेही. कोथरूडच्या आमच्या या बारा बिऱ्हाडांत असं एकमत जवळजवळ पन्नास वर्षांत पहिल्यांदाच दिसलं.

मला वाटलं होतं, लोक एकमेकांच्या कंबरा आणि केस बघून हसतील. तसे हसलेही. पण दुधाचा दुसरा पेला होईपर्यंत दोरीपाशी वेगळंच ऐकू यायला लागलं. ‘अगं, ते जाऊ दे, मागे बघ मागे.’ ‘हा कुठला रस्ता?’ ‘पौड रोड!’ ‘काहीतरीच!’ मुंजीतला बटू, कोरी करकरीत लूना, बारशाचा पाळणा यांच्याकडे कोणी बघेना. ज्यांचे फोटो होते ती माणसं शेजारीच उभी होती, आणि सगळे त्यांच्या खांद्यावरून पलीकडचा मोकळा माळ न्याहाळत होते.

कोथरूडचा म्हणून फोटो कोणी काढलाच नव्हता. फोटो काढायचा तो पर्वतीवर, सारसबागेत, फार तर सिंहगडावर. आमच्या वडिलांचा कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बाराच फोटो. त्यातला एक खडकाळ माळावर कोण घालवणार? उलट ते म्हणायचे, ‘जरा डावीकडे सरका, ती मुरमाची रास येतेय.’ आम्ही सरकायचो. तरी रास यायचीच. आता तीच रास बघायला माणसं चष्मे पुसत होती.

कॅमेऱ्याचं कारण पानशेत. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं तेव्हा आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, एका वाड्याच्या तळमजल्यावर होतं. माणसं वेळेवर वर चढली, ट्रंका खाली राहिल्या. पाणी उतरल्यावर आईला तिच्या लग्नाचे फोटो सापडले, पण एकमेकांना चिकटलेले, चिखलाची वडीच म्हणा. तिने ते सोडवायला बघितले तेव्हा चेहरे कागदावरून निघून बोटांना लागले. त्यानंतर आमच्याकडे दर दिवाळीला एक रोल आणायची पद्धत पडली. म्हणजे आमच्या घरात १९६१च्या आधी कोणी जन्मलंच नाही असं वाटावं, आणि अल्बमची दोन पानं उलटली की थेट कोथरूड.

त्या काळी कोथरूडला राहायला जाणं म्हणजे पेठेतल्या नातेवाइकांच्या लेखी अर्धा संन्यास. रिक्षावाला ‘हाफ रिटर्न पडेल’ म्हणायचा. पाण्याची बोंब, संध्याकाळनंतर विंचू. महर्षी कर्वे १९०० साली आपला आश्रम पेठांपासून दूर हिंगण्याच्या माळावर घेऊन गेले, ते लोकांनी वाळीत टाकल्यासारखं वागवलं म्हणून. आम्ही स्वस्त मिळालं म्हणून आलो. पण लक्ष्मी रोडला जायचं तर आई ‘गावात जाऊन येते’ म्हणायची, मीही म्हणते, माझी पुण्यातच वाढलेली सूनही म्हणू लागली आहे. गंमत अशी की खरं गाव आमच्या पाठीला चिकटून होतं. त्याला आम्ही गावठाण म्हणायचो आणि तिकडे फक्त दळण टाकायला जायचो.

दोरीवर एक गोष्ट मला अडचणीची वाटली. सगळे हळहळत होते, ‘काय हिरवंगार होतं तेव्हा!’ फोटो तसं सांगत नव्हते. काळे-पांढरे असले म्हणून काय झालं, म्हातोबाची टेकडी त्यांत सरळसरळ बोडकी दिसते, उन्हाळ्यातल्या म्हशीच्या पाठीसारखी. आज तिच्यावर दिसतो तो हिरवा थर बराचसा गिरिपुष्पाचा, वनखात्याने मागाहून लावलेला. झाडांतले जाणकार त्या परदेशी झाडाला नाकं मुरडतात, पण हिरवा तो हिरवाच. मी हे बोलून दाखवलं तर खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘तुम्हाला आठवत नाही.’ फोटो नाकासमोर होता.

दुसरं असं की पन्नासेक फोटोंत चांदणी चौकातला जुना पूल एकातही नव्हता. त्याच्याखालून आम्ही शेकडो वेळा गेलो असू. २०२२च्या २ ऑक्टोबरला मध्यरात्री सहाशे किलो स्फोटकं लावून तो उडवला आणि तरीही तो पुरता पडला नाही, उरलेला यंत्रांनी काढावा लागला. त्या पाडकामाचे व्हिडिओ मात्र प्रत्येकाच्या फोनमध्ये निघाले.

नऊच्या सुमाराला मावशी आल्या. गावठाणातल्या. आम्ही राहायला आलो तेव्हापासून वीस-पंचवीस वर्षं आमच्याकडे त्यांचं दूध होतं. आता ऐंशीच्या पुढे आहेत, गोठा कधीच मोडला. नातू मोठ्या पांढऱ्या गाडीतून सोडून गेला. तो जेसीबी भाड्याने देतो, आमची इमारत पाडायला कदाचित त्याचाच येईल. त्यांना बोलवायची कल्पना माझी, आणि त्यामागे थोडी अपराधी भावना होती, ती अशी.

पुनर्विकासाची कागदपत्रं जमवताना मी जुना सातबारा आणि खरेदीखत काढून आणलं होतं. बारा नंबराच्या रकान्यात आमच्या जिन्याच्या आणि बेसिनच्या जागी वळणदार अक्षरात ‘ज्वारी’ लिहिलेलं. खरेदीखताच्या तळाशी निशाणी डावा अंगठा, जांभळ्या शाईत, जरासा फिरलेला. शेजारी नाव. ते नाव मावशींच्या नवऱ्याचं आहे हे मला साठी ओलांडल्यावर कळलं. इतकी वर्षं रोज सकाळी त्या दारात उभ्या राहून माप ओतायच्या, वर थोडी धार जास्त घालायच्या, आणि हे शेत आमचं होतं असं एकदाही म्हणाल्या नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही, मग त्या सांगणार कधी?

त्या दोरीच्या कडेकडेने सावकाश चालत गेल्या. बाकीच्यांसारखं ‘हे कुठलं’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. बोट लावून सांगत गेल्या. ‘ही आमची हीर. मोट हुती हिच्यावर.’ ती विहीर बुजवून वरती आमच्या स्कूटर उभ्या राहिल्या. ‘हा करंजाचा बांध. हितं माजी थोरली पडली हुती, खोक पडली डोक्याला.’ मग भूमिपूजनाच्या फोटोपाशी थांबल्या. मागे वडिलांनी पेन्सिलने लिहिलंय, अक्षय्य तृतीया, १९७४. पुढे गुरुजी, सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष टिकाव धरून, आई ठेवणीतल्या नऊवारीत, मी आठ वर्षांची, डोळे मिटलेली. उजव्या कडेला, चौकटीत अर्धवट आलेला, कोणाचा तरी हात. कोपरापासून खाली. मी तो फोटो आयुष्यभर बघत आले, आणि तो हात वडिलांच्या चुकांपैकी एक म्हणून सोडून देत आले.

‘ह्यो आमच्या मालकांचा.’

‘कशावरून, मावशी?’

‘कडं बघ की. चांदीचं. बहात्तरच्या दुष्काळात गहाण पडलं हुतं. जमीन दिल्यावर पयलं त्येच सोडवून आणलं.’ पुन्हा थोडा वेळ बघून म्हणाल्या, ‘त्या दिशी लई राग आला हुता मला. म्हटलं, कशापायी जायाचं तिथं? तर म्हणं, बगतो तरी कुठनं खणत्यात.’

मालकांचा दुसरा फोटो घरात आहे का, विचारलं. एक आहे म्हणाल्या, रेशनकार्डासाठी काढलेला. तो आता पांढरा पडत चाललाय.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन पौड रोडला गेले. मेट्रोच्या जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान आहे, तिथला मुलगा जुने फोटो मोठे करून देतो. त्याने स्कॅन केला, पडद्यावर वरच्या ओरखड्यांवरून माउस फिरवला, आईच्या पदरावरचा डाग घालवला. कामात हुशार आहे. मग उजव्या कडेशी येऊन म्हणाला, ‘काकू, हा हात काढून टाकू? फोटो क्लीन होईल.’

‘तो राहू दे. बाकीचे काढलेस तरी चालेल.’

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि तेवढाच कोपरा मोठा करायला सांगितला. कडं दिसलं, जाडजूड, मनगटावर सैल. अजून मोठा केल्यावर करड्या ठिपक्यांतून मूठ दिसू लागली. अंगठ्याच्या आडून काहीतरी पांढुरकं डोकावत होतं. मुलगा पुढे वाकला, डोळे बारीक करून म्हणाला, ‘बिडी आहे, काकू. लपवलीय.’