कॅन्सास सिटीतल्या राहुट्या

शनिवार सकाळ, हातात चहा आणि लॅपटॉपवर ऑफिसचं काहीही उघडलेलं नाही. म्हणजे लिहायला हरकत नाही. :-)

तर झालं असं, की फेब्रुवारी २०२४ मध्ये मी ऑनसाईट होतो, अमेरिकेत कॅन्सास सिटीला. बाहेर मरणाची थंडी. आमच्या टीममधला पन्नाशीचा एक टेस्टर बँजो वाजवतो. त्याने शुक्रवारी विचारलं, "वीकएंडला काय करतोयस?" मी म्हटलं, "कपडे धुतोय." तो म्हणाला, "मग चल. व्हॉलंटियर हवेत, कॉन्फरन्स फुकट बघायला मिळेल."

कॉन्फरन्स म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे प्रोजेक्टर आणि गार सँडविच आलं. ही निघाली फोक अलायन्स इंटरनॅशनलची, लोकसंगीतवाल्यांची. १९८९ मध्ये सुरू झालेली ही संस्था दरवर्षी एका मोठ्या हॉटेलात गायक, वादक, महोत्सव भरवणारे आणि त्यांचे एजंट यांना एकत्र आणते. दिवसा चर्चा आणि ओळखीपाळखी, संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. पण खरी गंमत रात्री साडेदहानंतर. हॉटेलच्या वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांतले पलंग बाहेर काढतात, पंधरा-वीस खुर्च्या मांडतात, दिव्यांची एक माळ लावतात, की झाली मैफल तयार! प्रत्येक दाराबाहेर पोस्टर आणि कोण कधी गाणार त्याचा तक्ता. एका खोलीत ब्लूज, शेजारच्या खोलीत आयरिश फिडल, समोर एकटीच मुलगी गिटार घेऊन. बहुतेक ठिकाणी माईक नाही. गाणारा इतका जवळ, की त्याचा श्वास ऐकू येतो. पहाटे दोन-तीनपर्यंत हेच.

माझं काम कॉरिडॉरमध्ये बॅज तपासायचं. ड्यूटी संपली की या खोलीतून त्या खोलीत. एका म्हाताऱ्या बँजोवाल्याने असं काही वाजवलं, की माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी दोघं-तिघं वहीत काहीतरी लिहीत होते. ते महोत्सववाले. वीस मिनिटं ऐकायचं, मग कॉरिडॉरमध्ये गाठायचं, तारीख विचारायची, कार्ड द्यायचं. त्या बँजोवाल्याचा पुढचा उन्हाळा त्या वहीवर ठरणार होता.

हे सगळं मी आधी कुठेतरी पाहिलंय असं वाटत होतं. पण आठवत नव्हतं. किंवा आठवायचं नव्हतं.

रात्री दीडच्या सुमाराला कॉफीच्या टेबलापाशी एक बाई भेटल्या. त्या एका महोत्सवासाठी कलाकार निवडतात. बॅजवर माझं नाव वाचून म्हणाल्या, "इंडिया! तुमच्याकडचं मुळांचं संगीत कोणतं?" मी पटकन म्हटलं, "सितार, तबला, क्लासिकल..." त्या हसल्या. "ते मला माहीत आहे. तुझ्या गावचं काय?"

मंडळी, माझं गाव कोल्हार. प्रवरेच्या काठावर, नगर-मनमाड रस्त्यावर. भगवतीदेवीचं देऊळ आहे, पेढे मिळतात, शिर्डीला जाणाऱ्या गाड्या थांबतात. आणि आजोळ संगमनेर तालुक्यात, जिथे माझे आजोबा, म्हणजे आण्णा, यात्रा कमिटीचे पंच. दर पाडव्याला ते नारायणगावला जातात, तमाशाची सुपारी द्यायला.

हे त्या बाईंना सांगायला माझी जीभ रेटली नाही. "विचार करून सांगतो," म्हणालो. त्यांनी कार्ड दिलं आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या.

कारण लहानपणापासून हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात बोलायचा. शेजारच्या काकूंनी "वडील कुठे गेलेत?" विचारलं, की आई म्हणायची, "नारायणगावला, टोमॅटोच्या मार्केटला." पुण्यात हॉस्टेलला गेलो, तिथे तर तमाशा म्हणजे फक्त 'तमाशा करू नकोस' मधला. मग मीही टोमॅटोच्या पार्टीत सामील झालो. असो.

मार्चअखेर प्रोजेक्ट संपलं आणि मी घरी आलो. ९ एप्रिलला पाडवा. गुढी उभारून झाल्यावर आण्णांना फोन केला, "आण्णा, मी येऊ का तुमच्याबरोबर?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "आरं, तुझ्या आईला इचारलंस का?" :-)

आईला मी विचारलं नाही, सांगितलं. ती काहीच बोलली नाही, डब्यात पुरणपोळ्या मात्र सहा भरल्या. लोणीवरून संगमनेर, तिथे आण्णा आणि दोन पंच गाडीत बसले, मग चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव. याच गावाजवळ खोडदला ३० मोठमोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. कॉलेजच्या सहलीत ती बघायला आलो होतो, तेव्हा राहुट्या बघायचं सुचलंही नव्हतं.

राहुट्या म्हणजे तंबू. प्रत्येक फडाची एक राहुटी, बाहेर फडमालकाच्या नावाचा आणि कलाकारांच्या फोटोंचा फलक. आत सतरंजी, मॅनेजर आणि त्याची वही. गावोगावचे पंच एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरतायत. चहा, तारीख, आकडा, घासाघीस. पलंग काढलेल्या खोल्या, पोस्टरं, वह्या... मी तिथेच उभा राहून हसायला लागलो. फरक इतकाच, की इथे कोणाच्या गळ्यात बॅज नव्हता.

आण्णांनी आधी आकडा विचारलाच नाही. ढोलकीला कोण आहे? सोंगाड्या तोच का? वग जुना की नवा? गण-गवळण नीट होते की लगेच सिनेमाची गाणी? आमच्याकडे व्हेंडर निवडताना चौदा कॉलमची एक्सेल लागते. मग तारखेवर गाडी आली. आमची यात्रा चैत्र पौर्णिमेची. त्या दिवशी असंख्य गावांच्या यात्रा, त्यामुळे भाव सगळ्यात चढा आणि आकडा लाखांत. मॅनेजरने वही उलटवली आणि म्हणाला, "पौर्णिमा आण्णांची धरूनच ठेवलीय. आकडा मागचाच."

मला कळेना. परत येताना गाडीत विचारलं. आण्णा बाहेर बघत राहिले, शेजारचे पंच बोलले. २०२० मध्ये गावाने इसार दिला होता. लॉकडाऊन लागला, यात्रा रद्द. २०२१ लाही तेच. लागोपाठ दोन हंगाम बुडाले. कलाकारांना दिलेली उचल अडकलेली, सामानाच्या गाड्या उभ्या. गावं इसार परत मागायला लागली. आमच्याही बैठकीत मागणी झाली. आण्णा म्हणाले, पैसे देवीच्या नावाने दिले होते, परत मागायचे नाहीत. दोघांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं.

माझ्या बॅगेत कॅन्सास सिटीहून आणलेली चाळीसेक कार्डं होती. एकालाही मेल केला नव्हता. याला मी नेटवर्किंग म्हणत होतो.

२३ एप्रिलला पौर्णिमा. लाऊडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा, त्यामुळे पूर्वीसारखा उजाडेपर्यंतचा वग नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली, उन्हात, धुरळ्यात. ढोलकीवर थाप पडली आणि माझा पाय परत सुरू झाला. त्या बँजोवेळी धरला होता तसाच ठेका, फक्त हा जन्माच्या आधीपासून ओळखीचा. आईही आली होती. बायकांच्या घोळक्यात मागे बसली होती. तिला सगळं गाणं पाठ होतं!

त्या रात्री कार्ड शोधून बाईंना मेल लिहिला. तमाशा, विठाबाई नारायणगावकर, राहुट्या, आण्णा, सगळं. टोमॅटोसकट. चार दिवसांनी उत्तर आलं, "छान! ग्रुपमध्ये किती जण असतात?"

मी आण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "ऐंशी-नव्वद. आन् सामानाच्या गाड्या येगळ्या. त्यांना इचार, उतरायची सोय हाय का."

तेवढं विचारलंय. उत्तराची वाट बघतोय.